देवांची गत

पान ८७, खालून तिसरी ओळ. ‘रॅगनारॉक म्हणजे नॉर्स लोकांचा महाप्रलय.’ मी ‘महाप्रलय’खाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. केलं एवढंच. त्या प्रश्नचिन्हानं माझा अख्खा पावसाळा खाल्ला.

मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं वाचणारी. सांगलीतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं वाचली, आता घरी बसून वाचते. वडील कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे, आणि उलटी अक्षरं आम्ही सुलटी वाचतो त्याहून भराभर वाचायचे. ‘बाई, अर्थात शिरू नका, ऱ्हस्व-दीर्घ बघा,’ असं आजवर प्रत्येक मालकानं मला सांगितलंय आणि प्रत्येकाला मी हो म्हटलंय. हे पुस्तक मुलांसाठी होतं. थॉर, ओडिन, लोकी या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवमंडळींच्या गोष्टी, इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या.

खटकलं ते असं. प्रलयात सगळं विरतं, लयाला जातं. या गोष्टीत विरत कुणीच नाही, जो तो कुणाशी तरी भिडून मरतो. ओडिनला फेनरिर नावाचा लांडगा गिळतो. थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषानं नऊ पावलं चालून कोसळतो. हाइमडाल आणि लोकी एकमेकांना संपवतात. शिवाय हे होणार असं देवांना आधीपासून ठाऊक असतं. ठाऊक असूनही ते मेजवान्या झोडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, लांडग्याला बांधून ठेवतात. याला प्रलय म्हणायचं तर कुरुक्षेत्रालाही म्हणावं लागेल.

मग मी अर्थात शिरले.

शब्द दोन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा ‘राग्ना’. जुन्या नॉर्समध्ये ‘रेगिन’ म्हणजे देव, आणि तेही कायम अनेकवचनात. ‘राग्ना’ ही त्याची षष्ठी, म्हणजे देवांचं किंवा देवांची. गॉथिक ही त्याच कुळातली आणखी जुनी भाषा. चौथ्या शतकात तिच्यात बायबल उतरवलं गेलं. तिच्यात ‘रागिन’ म्हणजे सल्ला, निर्णय. आपले देव ‘दिव्’ धातूतले, लखलखणारे. हे रेगिन पंचांसारखे गोल बसून ठरवणारे.

माझ्या भाच्याचा मुलगा चिनू त्या दिवशी रोनाल्डोची जर्सी घालून आला होता. ‘मावशीआजी, रॅगनारॉक मला माहितीये. सिनेमात आहे,’ म्हणाला. म्हटलं, सिनेमात असेल, पण अर्धा तुझ्या पाठीवरही आहे. जुन्या नॉर्समध्ये ‘रोग्नवाल्द’ असं नाव होतं. त्यातला ‘रोग्न’ म्हणजे हेच रेगिन, आणि ‘वाल्द’ म्हणजे सत्ता चालवणारा. ते नाव स्कॉटलंडच्या वाटेनं इंग्रजीत ‘रोनाल्ड’ झालं, पोर्तुगीजात ‘रोनाल्डो’. ‘राग्नार’ या नावातही तेच. चिनूनं जर्सी काढून पाठ नीट तपासली आणि मग माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. तेवढ्यावर पुढचे दोन आठवडे निघाले.

भांडण आहे ते दुसऱ्या तुकड्यावर. ‘रोक’. देवनागरीत हा स्वर नाही. जीभ ‘ए’ला ठेवायची, ओठ ‘ओ’चे करायचे, मग तो निघतो. मी आरशासमोर दोन दिवस केलं. शेजारच्या वहिनींनी दाढ दुखतेय का विचारलं. इंग्रजीतल्या दगडाच्या ‘रॉक’शी याचा काही संबंध नाही, हे चिनूला तीनदा सांगावं लागलं.

‘रोक’ हाही अनेकवचनी शब्द. मूळ, कारण, एकामागून एक घडत गेलेल्या गोष्टी, त्यांचा ओघ, असा त्याचा पसारा. शब्दकोशातल्या अर्थावर माझा फारसा विश्वास नसतो, शब्द वाक्यात कसा बसतो ते बघते. तर या देवांच्या जुन्या नॉर्स कविता बघितल्या, ‘एड्डा’ म्हणतात त्या.

‘व्होलुस्पा’ ही त्यांच्या पुराणाची पहिली कविता. ‘व्होल्वा’ म्हणजे भविष्य सांगणारी बाई, शब्दशः काठीवाली. ओडिनच्या विचारण्यावरून ती सृष्टीच्या जन्मापासून सांगू लागते. सुरुवातीलाच एक ओळ येते, तिचा अर्थ असा की सगळे रेगिन ‘रोकस्तोल’वर जाऊन बसले. ‘स्तोल’ म्हणजे आसन. निवाड्याच्या आसनांवर बसून त्यांनी ठरवलं काय? रात्रीला नाव दिलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना नावं दिली, म्हणजे वर्षं मोजता येतील. मला हे फार आवडलं. देवांचं पहिलं कामकाज म्हणजे वेळांचं बारसं. आजही आइसलँडमध्ये एखादी समिती विचारविनिमयाला बसली की ‘रोकस्तोलांवर बसली’ असंच म्हणतात.

दुसरी कविता ‘लोकासेन्ना’, लोकीची भांडाभांडी. भर मेजवानीत लोकी एकेका देवाला आणि देवीला धरून त्यांच्या जुन्या भानगडी बाहेर काढतो. ओडिन त्याला उत्तर द्यायला जातो तेव्हा ओडिनची बायको फ्रिग्ग दोघांनाही गप्प करते: तुम्ही पूर्वी काय केलंत ते लोकांपुढे उगाळू नका, माणसांनी ‘जुन्या रोक’पासून लांबच राहिलेलं बरं. इथे ‘रोक’चं मराठी करायचं तर मी डोळे मिटून ‘जुनी प्रकरणं’ करीन. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत थोरल्या काकू हेच म्हणायच्या, फक्त आवाज खाली घेऊन.

आजच्या आइसलँडीत ‘रोक’ म्हणजे कारणं, युक्तिवाद. ‘रोकफ्राइदी’ म्हणजे तर्कशास्त्र.

तर ‘राग्ना रोक’ म्हणजे देवांची प्रकरणं, देवांचं जे काही घडलं आणि घडायचं आहे ते. व्होलुस्पात ते ध्रुवपदासारखं परत परत येतं: मी अजून पुढचं पाहते, देवांचं ते भीषण प्राक्तन. यात आगही नाही, पाणीही नाही, अंधारही नाही. शब्दात तरी नाही.

अंधार आला तो एका चुकीतून. निदान बऱ्याच अभ्यासकांच्या मते चूक.

त्याच लोकासेन्नामध्ये, फ्रिग्गच्या ओळीनंतर चौदा कडव्यांनी, लांडग्याबद्दल बोलताना टूर हा देव म्हणतो की त्याला ‘राग्नारोक्कर’ येईपर्यंत बेड्यांत वाट बघावी लागेल. रोक नाही, रोक्कर. आणि ‘रोक्कर’ म्हणजे संधिप्रकाश, दिवस मावळल्यानंतरचा काळोख. एड्डा काव्यात हे रूप एवढ्या एकाच ठिकाणी आहे. पण स्नोरी स्टुर्लुसन यानं तेच उचललं. स्नोरी तेराव्या शतकातला आइसलँडचा बडा सरदार, कायदेपंडित, इतिहासकार. सुमारे १२२० साली त्यानं होतकरू कवींसाठी एक गद्य पाठ्यपुस्तक लिहिलं, कारण आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटली होती आणि नव्या पोरांना जुन्या काव्यातल्या देवांचे संदर्भ लागेनासे झाले होते. युरोपानं हे देव मुख्यतः त्याच्या पुस्तकातून शिकले. साहजिकच रोक्करही शिकला. पुढे जर्मनीत त्याचा शब्दशः अनुवाद झाला, ‘गॉटरडेमरुंग’, देवांचा संधिप्रकाश. आणि १८७६ साली बायरॉइटला वाग्नर या जर्मन संगीतकाराचा त्या नावाचा ऑपेरा रंगमंचावर आल्यावर तर विषयच संपला.

अशी चूक होते कशी हे प्रूफवाल्याला सांगायला नको. जुन्या नॉर्समध्ये ‘रोक’मधला स्वर आणि ‘रोक्कर’मधला स्वर वेगवेगळे होते. तेराव्या शतकाच्या सुमाराला आइसलँडीत ते दोन्ही एकमेकांत मिसळले, जसे आपल्या बोलण्यात ‘श’ आणि ‘ष’ मिसळलेत. कान फरक करीनासा झाला की हात बरोबर लिहील याची खात्री नाही. त्यातून देव मरताहेत, सूर्य लांडग्याच्या तोंडात गेलाय, मग तिथे ‘काळोख’ ऐकू येणं किती सोपं. मी स्वतः एका श्रद्धांजलीच्या जाहिरातीत ‘स्मृतिदीन’ सोडलाय. घरचे खरोखरच दीन दिसत होते, डोळ्यांना तेच बरोबर वाटलं. क्लीझ्बी आणि विगफुसॉन यांचा जुन्या आइसलँडीचा १८७४ सालचा कोश नेटवर फुकट मिळतो, त्यात तर रोक्कर हा रोकचा अपभ्रंश असं सरळ म्हणून टाकलंय. विगफुसॉन स्वतः आइसलँडचे. शैली अगदी आमच्या हेड मुद्रितशोधकांसारखी, समजूत घालणं नाही, थेट काट.

या कविता ज्या चोपडीत आहेत ती वासराच्या कातड्यावर लिहिलेली, १२७० च्या आसपासची. लिहिणारा अनाम. तिची ४५ पानं उरलीत, मधली आठ गळालीत. १६४३ साली ती आइसलँडच्या एका बिशपच्या हाती लागली, त्यानं ती डेन्मार्कच्या राजाला पाठवली, म्हणून तिचं नावच राजपोथी, ‘कोडेक्स रेगियस’. १९७१ साली डेन्मार्कनं ती परत केली, आणि विमानावर भरवसा नको म्हणून बोटीनं, आरमारी बंदोबस्तात. रेक्याविकच्या धक्क्यावर लोकांनी गर्दी केली होती.

तारीख वाचल्यावर मी थबकले. १२७०. आपली ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९०. तिकडे कुणी तरी थंडीत बसून कातड्यावर व्होलुस्पा उतरवत होतं आणि वीस वर्षांनी इकडे नेवाशाला ओव्या होत होत्या. ज्ञानदेवांच्या काळची प्रत आपल्याकडे उरली नाही. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी इतके पाठभेद घुसवले की शके १५०६ मध्ये नाथांना बसून ती शुद्ध करावी लागली. आम्हा प्रूफवाल्यांचे नाथ हे मूळपुरुष, असं मी छापखान्यात नेहमी म्हणायचे. एड्डाला नाथ मिळाले ते फार उशिरा.

इथवर मी पक्की ‘रोक’वाली होते. रोक्कर म्हणजे चूक, चूक म्हणजे काट. मग एका रविवारी वरच्या मजल्यावर वास्तुशांत होती. गुरुजींनी नवग्रहांत सूर्याचा मंत्र घेतला, ‘आ कृष्णेन रजसा वर्तमानो’. लहानपणापासून ऐकतेय, कधी लक्ष दिलं नव्हतं. काळ्या रजातून येणारा सविता. ऋग्वेदातली ही ऋचा, पहिल्या मंडलातली. रज म्हणजे आपल्याला धूळ, पण धुळीतून सूर्य कशाला येईल? वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्कानं रजस् शब्दाचे लोक, पाणी, चक्क ज्योतीसुद्धा असे अर्थ दिलेत, म्हणजे त्यालाही तो एका जागी बसवता आला नसावा. घरी येऊन रोक्करची व्युत्पत्ती काढली. नॉर्स रोक्कर, गॉथिक ‘रिक्विस’ म्हणजे अंधार, ग्रीक ‘एरेबोस’ म्हणजे पाताळातला काळोख, आणि संस्कृत ‘रजस्’. भाषाशास्त्रज्ञ हे चारही एका मूळ शब्दाची लेकरं मानतात. वरच्या मजल्यावर अजून समिधा जळत होत्या, जिन्यात धूर उतरला होता, आणि मी खाली बसून चूक म्हणून काट मारलेल्या शब्दाकडे बघत होते. माहेरचा निघाला की हो.

आता त्याला काट मारवेना.

रोक्करला मराठीत जागा शोधू लागले तर ती लगेच मिळाली. तिन्हीसांज. ‘संधिप्रकाश’ छापील आहे, ‘कातरवेळ’ कवितेतली. तिन्हीसांज घरातली आहे. आई म्हणायची, तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, नखं कापू नयेत. आइसलँडच्या शेतघरांत नेमकं उलट: रोक्कर पडला की दिवा लावायच्या आधी सगळे आडवे व्हायचे, तेवढंच तेल वाचतं. त्या डुलकीला शब्दच आहे, रोक्करझोप. लक्ष्मी तिकडे बहुधा उशिरा येत असावी.

नखांचं मात्र जुळलं. स्नोरी सांगतो, शेवटच्या लढाईत शत्रूंना घेऊन येणारं ‘नागल्फार’ नावाचं जहाज मेलेल्या माणसांच्या नखांचं बनलेलं असतं. म्हणून कुणालाही वाढलेल्या नखांनिशी मरू देऊ नये. जेवढी नखं कमी, तेवढं जहाज उशिरा तयार होणार. मला या देवांविषयी वाचलेल्यात सगळ्यात जास्त हेच पटलं. होणारं टळत नाही, पण नखं कापून थोडं पुढे ढकलता येतं. चिनू हे ऐकल्यापासून नेलकटर स्वतःहून मागतो. त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं, त्याला नक्की काय सांगितलंत.

एक वेगळंच सांगायचं राहून जाईल. आइसलँडी लोक परका शब्द सहसा घेत नाहीत, घडवतात. काँप्युटरला त्यांचा शब्द आहे ‘टोल्वा’: ‘ताला’ म्हणजे संख्या आणि आपली ती काठीवाली ‘व्होल्वा’. आकड्यांची भविष्यवेत्ती! हा शब्द १९६० च्या दशकात सिगुर्दुर नोर्दाल यांनी सुचवला, आणि १९२३ साली व्होलुस्पाची टीपांसह आवृत्ती काढणारेही तेच. संगणक हा शब्द मला वाईट वाटत नाही, पण त्यात भूत-भविष्य दिसत नाही कुणाला.

असो. अनुवादिका बाईंचा फोन आला. ‘काकू, प्रश्नचिन्ह कशाला? प्रलय मुलांना कळतो.’ मी सांगायला लागले, त्याही ऐकत राहिल्या, बिचाऱ्या. शेवटी म्हणाल्या, ‘शेवट तरी आहे ना तो जगाचा? मग?’

तिथेच तर घोळ आहे. व्होलुस्पा लढाईवर थांबत नाही. सूर्य काळा पडतो, जमीन समुद्रात बुडते, आणि व्होल्वा म्हणते, मला दिसतंय, जमीन पुन्हा वर येतेय, हिरवीगार. न पेरता शेतं पिकतात. पूर्वी मारला गेलेला बाल्डर हा देव परत येतो. उरलेले देव इदावोल नावाच्या मैदानावर भेटतात, जुन्या गोष्टी बोलतात, आणि गवतात त्यांना सोन्याच्या सोंगट्या सापडतात, त्यांच्या पूर्वीच्या पटावरच्या. प्रलयानंतर कुणाला गवतात सोंगट्या सापडल्याचं मी तरी वाचलेलं नाही. २००७ साली तर एका आइसलँडी अभ्यासकानं मांडलंय की रोक आणि रोक्कर मुळात एकमेकांच्या नात्यातलेच असतील, आणि सगळ्या शब्दाचा अर्थ देवांचं नव्यानं उजाडणं असा लावता येईल. मला ते थोडं ओढून आणल्यासारखं वाटतं. पण जर्मन ‘डेमरुंग’ पहाटेलाही चालतो आणि संध्याकाळीही, हे विसरून चालत नाही.

‘मग काय लिहू?’ बाई म्हणाल्या. ‘प्राक्तन? नियती?’

प्राक्तन मुलांना जड. नियती मालिकांनी वापरून वापरून सपाट केलीय. मला हवा होता एक शब्द, ज्यात चालणं असेल, पोचणं असेल, आणि पोचल्यावर झालेली दशाही असेल. तो आमच्या घरात रोज होता. आई वडिलांचा सदरा धुताना शाईचे डाग बघून म्हणायची, काय गत केलीय बघा. गत. गती त्यातच, सद्गती त्यातच, आणि ‘न करून सांगता कुणाला’ अशा वेळचं ‘गत्यंतर नाही’ही त्यातच. रोकचा इतका जवळचा सोयरा दुसरा नाही मिळायचा. ‘राग्नारोक म्हणजे देवांची गत.’ बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ‘काकू, हे भारी आहे. पण फाइल छापायला निघालीय, मी आत्ताच्या आत्ता डीटीपीवाल्याला फोनवर सांगते.’

गेल्या आठवड्यात पुस्तक आलं. कागद बरा आहे, चित्रं छान, लांडगा जरा कुत्र्यासारखा. मी आधी ८७ उघडलं. खालून तिसरी ओळ: ‘राग्नारोक म्हणजे देवांची रात.’

फोन बाईंनी केला तेव्हा तिकडे पाऊस होता म्हणे, ऑपरेटरला नीट ऐकू येत नव्हतं. प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हणून सांगितलंय. चिनूनं ते पान दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, राहू दे ना मावशीआजी, मस्त वाटतंय.